प्रेमकादंबरी: थोडी डोळ्यांनी, थोडी कानांनी

प्रेमकादंबरीत शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेनं तर व्याख्येतच दोन अटी घातल्या: गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा जागवणारा हवा. त्यामुळे 'पुढे काय होतं' एवढ्यासाठीच वाचणारा इथे लवकर कंटाळतो. कीर्तनात लावलेलं आख्यान सगळ्यांना पाठ असतं, तरी बुवा ते कसं रंगवतात यासाठी माणसं बसून राहतात, तसंच हे. सगळी गंमत उशिरात आहे. छापील पुस्तकात किती रेंगाळायचं ते आपण ठरवतो, ऑडिओबुकमध्ये ते वाचणारा आवाज ठरवतो. म्हणून एकच कादंबरी दोन्हीकडून घेतली तर ती जास्त रंगते.

नमुन्यादाखल एमिली हेन्री यांची 'बीच रीड' ही २०२० सालची इंग्रजी कादंबरी घेऊ. नायिका प्रेमकादंबऱ्या लिहिते. वडील गेलेत, त्यांचं एक गुपित बाहेर आलंय, हातात पैसा नाही आणि लिखाण अडलंय. मिशिगनमधल्या तळ्याकाठच्या घरात ती येते तर शेजारी निघतो कॉलेजातला प्रतिस्पर्धी, गंभीर साहित्य लिहिणारा गस. दोघं पैज लावतात: उन्हाळाभर तू माझ्यासारखं लिही, मी तुझ्यासारखं. ऑडिओत हे ज्युलिया व्हेलन यांनी वाचलंय.

१. आधी पुस्तक निवडा, मग आवाज

मलपृष्ठावरचा मजकूर वाचला की साचा कळतो: भांडणातून प्रेम, लोकांसाठी केलेलं नात्याचं नाटक, जुनी मैत्री, शेजारी. साचा दिसला म्हणून नाक मुरडू नका, आपल्याला कुठला आवडतो तेवढं पाहा. दुसरी चौकशी चावट प्रसंगांची. काही लेखक खोलीचं दार वाचकाच्या तोंडावर लावून घेतात, काही सताड उघडं ठेवतात. आपल्याला काय सोसतं ते आधीच ठरवलेलं बरं, कारण छापील पान चटकन उलटता येतं. कानात चाललेलं वाक्य तितक्या सहज ओलांडता येत नाही.

मग आवाजाकडे वळा. जवळजवळ सगळ्या ॲपवर फुकट नमुना ऐकता येतो. त्यात एकच गोष्ट तपासा: बाई पुरुषाचं बोलणं कसं वाचते (किंवा उलट). घसा ओढून खर्ज काढत असेल आणि तुम्हाला हसू फुटत असेल, तर दहा तास ते सहन होणार नाही. चांगली निवेदिका आवाज फारसा बदलत नाही. ती लय बदलते. गस तुटक बोलतो, नायिका उतू जाते, एवढ्यावरच कोण बोलतंय ते कळतं.

गोष्ट नायक-नायिका आळीपाळीनं सांगत असतील तर बहुधा दोन निवेदक असतात. त्यातही दोन तऱ्हा: एकीत जो तो आपापलं प्रकरण संपूर्ण वाचतो, दुसरीत कुठल्याही प्रकरणातलं त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात येतं. दुसरी तऱ्हा आपल्या नभोनाट्याच्या जवळची. माझा कल पहिलीकडे आहे. नायिकेच्या कानाला तो कसा ऐकू येतो, हेही त्यात कळतं.

२. सुरुवात छापील प्रतीनं करा

पहिली दोन-तीन प्रकरणं डोळ्यांनी वाचा. अमेरिकन उच्चारांची सवय नसेल तर हे नक्कीच. 'बीच रीड'च्या नायिकेचं नावच मुळी जॅन्युअरी. नुसतं ऐकत सुरुवात केलीत तर माणूस की महिना असा घोळ होणार. नावं, नाती, घर कुठे आणि तळं कुठे हे एकदा पानावर पाहिलं की पुढे आवाजामागे जाणं सोपं होतं.

३. भांडणं ऐका, चिठ्ठ्या वाचा

खरी वाटणी इथे आहे.

या कादंबऱ्यांचा जीव संवादात असतो. तो काहीतरी खोचक बोलतो, ती परतवते, आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला दोघांपैकी एकाचा आवाज किंचित मऊ पडतो. पानावर आपण हे वाक्य सरसर वाचून पुढे जातो, कारण जुगलबंदीत डोळे धावतात. आवाज धावू देत नाही. उत्तर देण्याआधीचा अर्ध्या श्वासाचा थांबा पानावर फार तर तीन टिंबांनी दाखवता येतो. म्हणून वादावादी, फोनवरचं बोलणं, गाडीतला लांबलचक प्रवास, मैत्रिणीचे सल्ले हे सगळं कानांसाठी ठेवा.

उलट लिहिलेलं ते वाचलेलंच बरं. 'बीच रीड'मध्ये दोघांच्या खिडक्या समोरासमोर आहेत आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ते एकमेकांना दाखवतात. ती पात्रंही तिथे वाचतच असतात! आपणही तो कागद डोळ्यांनी पाहिला तर त्यांच्या बरोबरीचे होतो. हल्लीच्या कादंबऱ्यांत मोबाइलवरचे मेसेज, ई-मेल खूप असतात. ऐकताना प्रत्येक मेसेजला कुणाचा ते नाव उच्चारावं लागतं आणि चटपटीतपणा जातो.

पहिलं चुंबन आणि मोठी ताटातूट या दोन जागा मात्र दोनदा घ्या: आधी ऐका, मग त्याच रात्री पुस्तक उघडून वाचा. ऐकताना आपण वाहून जातो. वाचताना लेखिकेनं ते कसं बांधलंय ते दिसतं, कुठल्या क्षुल्लक वाक्यात चाळीस पानांमागे तिनं याची सोय करून ठेवली होती तेसुद्धा.

४. जागा चुकू देऊ नका

किंडलवर ई-पुस्तक आणि ऑडिबलवर ऑडिओबुक अशा दोन्ही आवृत्त्या घेतल्या आणि त्या पुस्तकाला सोय असेल, तर थांबलेली जागा आपोआप जुळते. कागदी पुस्तक असेल तर प्रकरण संपल्यावरच बाजू बदला. एक अडचण येते: ऑडिओत पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव सांगणारा पहिला भाग वेगळा धरला तर आकडे एकानं सरकतात, आणि पुस्तकातलं सातवं प्रकरण ॲपवर आठवं होतं. बुकमार्कवर पेन्सिलीनं लिहून ठेवा.

५. वेगाला हात लावण्याआधी

मिनिटाला दीडशे शब्द धरले तर ९०,००० शब्दांची कादंबरी १० तासांची होते. सव्वापट वेगानं ती ८ तासांत संपते. माहितीच्या पुस्तकाला हा वेग चालतो. प्रेमकादंबरीत मात्र ज्यासाठी पैसे मोजले तो थांबाच कापला जातो. फार तर वर्णनं चालू असताना वाढवा, दोघं समोरासमोर आली की मूळ वेगावर या.

झोपताना ऐकणार असाल तर स्लीप टायमर १५ मिनिटांचा लावा. पाऊण तासाचा लावलात तर झोपेत लग्नं उरकतात.

आणि ब्लूटूथ. गाडीत बसल्यावर फोन आपण होऊन गाडीच्या स्पीकरला जोडला जातो, मागे सासूबाई असतात आणि कादंबरी सतराव्या प्रकरणात असते. घरातून निघताना ॲप बंद करा.

६. कुठून मिळवाल

मराठीत ऐकायचं तर स्टोरीटेलकडे भरपूर आहे. ही स्वीडिश कंपनी २०१७ साली भारतात आली. फक्त ऐकण्यासाठी लिहून घेतलेल्या मराठी कथामालिकाही तिथे आहेत. त्यांची छापील प्रत असेलच असं नाही, तेव्हा ही दुहेरी पद्धत वापरायची तर पुस्तकरूपात आलेली कादंबरी शोधा. वाचनालयाचं सभासदत्व असेल तर छापील प्रत तिथून घ्या, खर्च ऑडिओपुरताच राहतो.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना लिबी हे ॲप सोयीचं आहे. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड जोडलं की ऑडिओबुक फुकट मिळतं. गाजलेल्या पुस्तकाला रांग असते, म्हणून ऑडिओसाठी आधी नंबर लावा आणि तो जवळ आला की छापील प्रत आणा.

ऐकण्याची चटक लागली तर दुसरं पुस्तक म्हणून ज्युलिया व्हेलन यांचीच 'थँक यू फॉर लिसनिंग' (२०२२) घ्या. लिहिलीही त्यांनी, वाचलीही त्यांनीच, आणि तिची नायिका ऑडिओबुकं वाचूनच पोट भरते. वरची वाटणी या पुस्तकापुरती विसरा आणि ते सरळ पहिल्यापासून ऐका.