कुंडीतला टोमॅटो: रोप लावण्यापासून तोडणीपर्यंत

रोपांना ४-५ खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली, उंची वीतभर झाली की सगळ्यांना ती कधी एकदा कुंडीत लावतो असं होतं. जरा थांबा. आधी हवा बघा आणि कुंडी बघा. रात्रीचं तापमान १३-१४ अंशाच्या खाली जात असेल तर रोप नुसतं उभं राहतं, वाढत नाही, आणि पुढे फुलं येण्याच्या वेळी दिवस ३५ च्या वर आणि रात्री २४ च्या वर जायला लागल्या तर फुलं येतात पण गळून जातात. म्हणजे आपल्याकडे कडक ऊन (किंवा कडक थंडी) कधी सुरू होते ते आठवा आणि तिथून साधारण साडेतीन महिने मागे या, लावणीची वेळ ती. उशीर झाला असेल तर कमी दिवसांत येणारी चेरी जात लावा, ती त्यातल्या त्यात सोशीक असते.

आता कुंडी. जमिनीतलं झाड तहान लागली की मुळं लांब पाठवतं, कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही, त्याची मुळं कुंडीच्या भिंतीला आपटून गोल फिरत बसतात. त्यामुळे कुंडी लहान घेतली की पुढचं सगळं अवघड होतं, पाणी लवकर सुकतं, खत लवकर संपतं, झाड वाऱ्याने पडतं. ठेंगणी झुडुपासारखी जात असेल तर किमान १०-१२ लिटरची कुंडी आणि वेलीसारखी वाढत जाणारी जात असेल तर २० लिटरची बादली किंवा ग्रो बॅग, आणि एका कुंडीत एकच रोप. दोन लावली तर जास्त टोमॅटो मिळतील असं वाटतं पण दोन्ही उपाशी राहतात. बुडाला ४-५ भोकं हवीतच. भोकांवर खडीचा थर द्यायची बऱ्याच जणांना सवय असते, त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते, भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी पुरे.

नुसती माती भरू नका, चार पाण्यांत ती दाबून विटेसारखी होते. एक भाग माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा (न धुता वापरलं तर त्यातले क्षार मुळांना त्रास देतात), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. गेल्या वेळी ज्या कुंडीत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता तीच माती परत नको, ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागतो.

ट्रेमध्ये सावलीत वाढलेलं रोप एकदम भर उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. ७-८ दिवस सवय लावा, पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज थोडं थोडं वाढवत जा. शेवटी झाडाला दिवसाला ६ ते ८ तास थेट ऊन मिळेल अशीच जागा ठरवा. लावणी संध्याकाळी करा आणि रोप खोल लावा. टोमॅटोच्या खोडाचा जो भाग मातीत जातो त्याला नवीन मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून दोन तृतीयांश खोड मातीत घातलं तरी चालतं. फक्त कलमी रोप असेल तर जोड मातीच्या वर ठेवा. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. कुंडीत टोमॅटो बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने. रोज एक तांब्या असा हिशोब चालत नाही, बोट दोन पेरं मातीत घाला, आत कोरडं लागलं तर द्या आणि बुडातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या, ओलं लागलं तर राहू द्या. माती वाफशावर राहायला हवी, चिखलही नको आणि भेगाही नकोत. फळं लागल्यावर कडक उन्हात दोन वेळा द्यावं लागतं. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर ते फक्त उन्हाने होतं, सकाळीच मान टाकलेली दिसली तर मात्र बोट घालून बघा, कोरडं असेल तर तहान आणि ओलंच असेल तर मुळं सडतायत. वर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, फरक लगेच कळतो.

फळ लिंबाएवढं झालं, आपण रोज बघतोय, आणि एक दिवस उचलून बघावं तर देठाच्या उलट बाजूला, बुडाशी, ओलसर तपकिरी डाग. चार दिवसांत तो काळा आणि चामड्यासारखा चपटा होतो. खूप वाईट वाटतं ते बघून. लोक याला रोग समजून फवारणी करतात, पण हा रोग नाही, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, एक दिवस सुकं आणि एक दिवस तुडुंब असं झालं की पानं आपला वाटा ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. अंड्याची टरफलं टाकून या फळांना काही फायदा नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो, आणि एप्सम सॉल्ट तर अजिबात घालू नका, त्यातल्या मॅग्नेशियममुळे कॅल्शियम घेणं आणखी कमी होतं. डागाळलेली फळं काढून टाका, पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतात.

खत थोडं थोडं आणि वारंवार, कारण प्रत्येक पाण्याबरोबर ते कुंडीतून वाहून जातं. फुलं दिसायला लागली की दर १०-१५ दिवसांनी, आणि तेव्हापासून नत्र (नायट्रोजन) कमी, पालाश (पोटॅश) जास्त. झाड हिरवंगार दांडगं झालंय पण फूल नाही अशी तक्रार असेल तर नत्र जास्त झालंय, खत थांबवा.

वेलीसारख्या जातीत पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे बगलफुटवे बोटभर व्हायच्या आत खुडा, ठेंगण्या जातीत खुडू नका, तिथे फळं त्याच फुटव्यांवर येतात. फुलाचं परागीभवन त्याचं त्याच फुलात होतं पण वारा लागत नसेल तर सकाळी उशिरा फांदीला हलकी टिचकी मारा.

पानं उलटून बघायची सवय ठेवा, पांढरी माशी आणि मावा खालच्या बाजूलाच असतात. पिवळे चिकट सापळे लावा, गरज पडली तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा. शेंड्याची पानं बारीक होऊन वर वळली, झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्यावर औषध नाही, जीव कितीही दुखला तरी झाड उपटा नाहीतर शेजारची कुंडीही जाईल. खालच्या पानांवर गोल गोल कड्यांचे डाग म्हणजे करपा, ती पानं तोडून लांब टाका आणि पाणी पानांवर न घालता बुंध्यातच घाला.

लावणीपासून जातीप्रमाणे ६० ते ८० दिवसांत फळ रंग धरतं. बुडाला गुलाबी छटा आली की तोडायला हरकत नाही, ते घरात तितकंच छान पिकतं, आणि मोठा पाऊस येणार असेल तर रंगावर आलेली सगळी आधीच काढा, एकदम पाणी मिळालं की साल तडकते. हवा ३० च्या वर असेल तर झाडावर लाल रंग नीट भरत नाही, पिवळट-नारिंगी राहतं, तेव्हाही तोडून घरात सावलीत ठेवा, देठाची बाजू खाली करून. कच्चं फळ फ्रिजमध्ये घालू नका, ना रंग येतो ना चव.

हंगाम संपायला महिना राहिला की वेलीचा शेंडा खुडा आणि नवी फुलंही काढून टाका, म्हणजे जी हिरवी फळं लागलीयत ती तरी भरतील.