पत्रिकेतलं हस्ताक्षरी वळण: या चुका टाळा

लग्नपत्रिकेवरची नावं आपल्याच माणसाने पेनाने लिहिल्यासारखी वाटावीत, म्हणून आपण हस्ताक्षरी वळणाचा फाँट निवडतो. मग तो इतका आवडतो की ‘श्री गजानन प्रसन्न’पासून कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत सगळीकडे तोच लावला जातो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

‘कलम’ घ्या. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये आणलेला हा खुला, मोफत फाँट. तिरकी अक्षरं, मोकळ्या गाठी, बॉलपेनने किंवा स्केचपेनने लिहिल्यासारखी रेघ. वधूवरांची नावं आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ त्यात फार गोड दिसते. मुहूर्त आणि पत्ता मात्र ‘मुक्ता’सारख्या सरळ फाँटमध्येच द्या. बारीक आकारात तिरक्या मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि आजोबांना वेळ वाचता येत नाही.

नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. हाताच्या लिखाणाचा ओघ त्या रेघेत असतो. जागा भरायची असेल तर अक्षराचा आकार वाढवा.

‘चि.’मधली वेलांटी ‘च’च्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसली, तर दोष बहुधा फाँटचा नसतो. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, टाइप इथे ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर (अक्षरं जुळवण्याची पद्धत) निवडा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर घ्या. सगळाच मजकूर अगम्य झाला, तर तो जुन्या, युनिकोड (अक्षरांसाठीची सर्वमान्य संगणकीय पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

फाँट पक्का करण्याआधी पत्रिकेतली खरी नावं टाइप करून पाहा. ‘गोऱ्हे’, ‘विठ्ठल’, ‘हृषीकेश’, ‘ज्ञानेश्वरी’ नीट उमटतात का? ‘ल’ आपला, दोन पाकळ्यांचा आहे की उजवीकडे उभी दांडी असलेला हिंदी वळणाचा? काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी ‘ल’ आणि ‘श’ येतात. नाहीतर दुसरा फाँट शोधा. माहेरच्या आडनावातलं अक्षर परक्या वळणाचं दिसलं, तर मला ते खटकतं.

ठळक अक्षर हवं असेल तर ‘कलम’चा स्वतःचा बोल्ड वापरा. सॉफ्टवेअरने जाड केलेल्या अक्षरांच्या गाठी बुजतात. आणि इंग्रजी नावं ‘ग्रेट व्हाइब्ज’सारख्या फाँटमध्ये सगळी कॅपिटल लिहू नका. त्यातली कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला शोभतात, एकापुढे एक ठेवली की वळणांचा गुंता होतो.

छापखान्यात फाइल देताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. मग तिथे हा फाँट नसला तरी बिघडणार नाही. पण कर्व्ह करण्याआधीची प्रत जपून ठेवा. निमंत्रकांत कुणा आत्याचं नाव राहिलं, तर ते त्याच प्रतीत घालता येईल.