रक्तस्रावानंतर न्यूरॉन वाचवायचेत? आधी वेळ ठरवा, जीन नंतर

मेंदूतल्या रक्तस्रावावर अँटिऑक्सिडंट जीन ट्रान्सफरचा (संरक्षक जीन पेशींत पोहोचवण्याचा) प्रयोग करायचा ठरला की बहुतेक जण आधी आवडीचा जीन धरतात, मग व्हेक्टर (जीन पेशीत नेणारा व्हायरस) शोधतात, आणि वेळेचा विचार पार शेवटी. उलटं करा. रॅटच्या मेंदूत रक्त साचलं की तांबड्या पेशी लगेच सगळ्या फुटत नाहीत, पुढच्या काही दिवसांत फुटत जातात, हिमोग्लोबिन बाहेर पडतं, त्यातला हीम (लोह धरून ठेवणारा रेणू) तुटून लोह मोकळं होतं, आणि ते हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो जो समोर येईल ते जाळत सुटतो, मेंब्रेन म्हणू नका, डीएनए म्हणू नका. म्हणजे हातात दिवस आहेत, आठवडे नाहीत.

आणि साध्या एएव्हीला (अ‍ॅडेनो-असोसिएटेड व्हायरस, नेहमीचा व्हेक्टर) भरपूर प्रोटीन तयार करायला २-३ आठवडे लागतात! म्हणून अशा बऱ्याच प्रयोगांत व्हेक्टर आधी देतात आणि रक्तस्राव नंतर घडवतात. मेकॅनिझम दाखवायला ते चालतं, पण त्याला उपचार म्हणू नका प्लीज. रक्तस्रावानंतरच द्यायचं असेल तर अ‍ॅडेनोव्हायरस बघा, एक-दोन दिवसांत एक्सप्रेशन (जीनपासून प्रोटीन बनणं) येतं, मात्र सूज वाढवतो. सेल्फ-कॉम्प्लिमेंटरी एएव्ही (आत आधीच दुहेरी डीएनए असलेला) हा मधला रस्ता, लवकर चालू होतो पण जीनसाठी जागा निम्मीच.

आता जीन. सगळे एसओडी१ (सुपरऑक्साइड या घातक ऑक्सिजन रेणूला मोडणारा एन्झाइम) कडे धावतात कारण छोटा आहे, कोडिंग भाग जेमतेम ४६५ बेसचा. पण एसओडी सुपरऑक्साइडचं करतो काय तर हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि बाजूला लोह टपून बसलेलंच आहे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यामुळे जोडीला कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारा एन्झाइम) घ्या, तो साधारण १६०० बेसचा, एएव्हीची मर्यादा ४.७ किलोबेसच्या आसपास आहे त्यात प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) धरूनही दोन्ही बसतात. जीपीएक्स४ (मेंब्रेनचं ऑक्सिडेशन रोखणारा एन्झाइम) घेणार असाल तर एक फसगत माहीत असू द्या: त्यात सेलेनोसिस्टीन हे सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल आहे, त्याचा कोडॉन यूजीए, जो एरवी स्टॉपचा, आणि ३-प्राइम टोकाकडचा सेसिस तुकडा सोबत क्लोन केला नाही तर पेशी तिथेच स्टॉप वाचते आणि अर्धवट प्रोटीन मिळतं. मला विचाराल तर हिमोपेक्सिन हे प्रोटीन जास्त हुशार निवड, कारण ते पेशीबाहेर पडून मोकळ्या हीमलाच पकडतं, म्हणजे व्हेक्टर थोड्याच पेशींत गेला तरी शेजारच्यांना फायदा.

प्रमोटर पेशी बघून. न्यूरॉनसाठी सायनॅप्सिन, अ‍ॅस्ट्रोसाइटसाठी जीएफएपी. हीम ऑक्सिजनेज-१ या हीम तोडणाऱ्या एन्झाइमचं तर सगळं गणितच कुठल्या पेशीत आणि कधी यावर फिरतं, कारण तोच एन्झाइम लोह मोकळंही करतो.

इंजेक्शन हळू, मिनिटाला ०.२ मायक्रोलिटर, झाल्यावर सुई १० मिनिटं तशीच ठेवा नाहीतर सगळं सुईच्या वाटेने वर येतं. एथिक्स आणि बायोसेफ्टीची परवानगी अर्थातच आधी.

कंट्रोलमध्ये नुसतं सलाइन पुरत नाही. जीएफपी (नुसतं हिरवं चमकणारं प्रोटीन) व्हेक्टर ठेवा, पण त्याचा डोस जास्त झाला तर तोही पेशींना त्रास देतो, म्हणून जमलं तर त्याच एन्झाइमचा निकामी म्युटंट त्याच टायटरने (व्हायरसच्या तेवढ्याच प्रमाणात) द्या. कुठला प्राणी कुठल्या गटात हे स्कोअर करणाऱ्याला कळता कामा नये.

मोजमापात सगळ्यात जास्त घोळ होतो. एमडीएसाठीची (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून उरणारा पदार्थ) टीबीए टेस्ट ५३२ नॅनोमीटरला वाचतात आणि हिमोग्लोबिन ५४० च्या आसपास शोषतं, म्हणजे टिश्यूत रक्त उरलं असेल तर तुम्ही ऑक्सिडेशन मोजताय की सांडलेलं रक्त हेच कळत नाही. परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुणं) नीट केलं तरी गुठळी धुतली जात नाही, त्यामुळे सोबत ४-एचएनई (चरबीच्या नुकसानाची खूण) आणि ८-ओएचडीजीचं (डीएनएच्या नुकसानाची खूण) स्टेनिंग, लोहासाठी पर्ल्स स्टेन, मरणाऱ्या न्यूरॉनसाठी फ्लुओरो-जेड स्टेन करा आणि गुठळीच्या कडेचा भाग वेगळा मोजा.

आणि हे सगळं करण्याआधी काही प्राणी पहिल्या दिवशीच काढून दोन्ही गटांत रक्तस्राव सारखाच झालाय का ते बघा, विशेषतः कोलॅजिनेज मॉडेलमध्ये (रक्तवाहिनीची भिंत विरघळवणारा एन्झाइम टोचून रक्तस्राव घडवतात तिथे). ट्रीटमेंट गटात रक्तच कमी सांडलं असेल तर न्यूरॉन जास्त वाचणारच, त्याचं श्रेय तुमच्या जीनच्या अँटिऑक्सिडंट कामाला देता येणार नाही.