संगीत नाटक मुंबईला नेताय? आधी चालींची परवानगी

राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस मिळालं, गावात दोन प्रयोग भरले, की कुणीतरी म्हणतंच, 'आता हे मुंबईला न्या.' न्या की. पण स्पर्धेत तुम्ही फक्त स्पर्धक असता. मुंबईत तिकीट लावलं की तुम्ही निर्माते झालात, आणि निर्मात्याला सगळेच विचारतात.

कपडेपट, दागिने, रंगभूषेची पेटी हे सांगायला नको.

परवानगीपासून सुरुवात करा. लेखकाची घ्यालच, ती सगळे घेतात. संगीतकाराची घ्या. वेगळी घ्या, लेखी घ्या. संहिता आणि चाली कायद्याने दोन स्वतंत्र कृती आहेत आणि त्या त्या कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो. 'मानापमान'चं पाहा. नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे संहिता २००८ अखेर मोकळी झाली. पण चाली संगीतकार गोविंदराव टेंब्यांच्या. ते गेले १९५५ साली, म्हणून चाली मोकळ्या व्हायला २०१५ संपावं लागलं. मधली सात वर्षं संवाद कुणीही म्हणावेत, पदं मात्र विचारून म्हणावीत, अशी स्थिती होती. आज ते नाटक करायला कुणाला विचारायला नको. 'कट्यार काळजात घुसली'चं तसं नाही. नाटक १९६७चं, लेखक दारव्हेकर गेले १९९९ साली आणि संगीतकार अभिषेकीबुवा त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे संहितेचा हक्क २०५९ अखेरपर्यंत, चालींचा २०५८ अखेरपर्यंत. एका पत्रात हे दोन्ही भागत नाही.

'आमच्याकडे परवानगी आहे' असं म्हणण्याआधी ते पत्र फायलीतून काढून वाचा. बहुतेक वेळा त्यात 'स्पर्धेसाठी' किंवा 'हौशी प्रयोगासाठी' असं लिहिलेलं असतं. व्यावसायिक प्रयोग, तिकीट लावून, किती प्रयोग, प्रत्येक प्रयोगामागे मानधन किती, हे सगळं नव्याने लिहून घ्यावं लागतं. आमचंच पाहा. एका नाटकाच्या वेळी आमच्याकडे लेखकाच्या वारसांचं पत्र होतं, मानधनही पोचलं होतं. चालींसाठी कुणाला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वर्तमानपत्रात जाहिरात छापून आली आणि दुसऱ्या दिवशी चालींचा हक्क असलेल्यांचा फोन आला. समोरच्याचं म्हणणं रास्त होतं. प्रयोग रद्द, भाडं बुडालं, तिकिटांचे पैसे परत. म्हणून पुन्हा सांगतो, चालींची परवानगी. जुन्या नाटकाला तुमच्याच गावच्या मित्राने नव्या चाली लावल्या असतील तर त्याच्याकडूनही लेखी घ्या. 'तो काय, आपलाच आहे' हे वाक्य तिकीटविक्री सुरू झाली की टिकत नाही.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, म्हणजे आपलं सेन्सॉर, सोबत ठेवा. काटछाट केलेली संहिता आणि सेन्सॉर झालेली संहिता एकच आहे ना तेही बघा.

तारखा. शनिवार-रविवारची संध्याकाळ नव्या संस्थेला सहज मिळेल ही आशा सोडा. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन, सगळीकडे जुने निर्माते रांगेत आहेत. मंगळवारची दुपार मिळाली तरी घ्यावी का, याचा विचार आधीच करून ठेवा. संगीत नाटकाचा प्रेक्षक निवृत्त आहे, दुपारी येतो. संध्याकाळी ठेवलात तर साडेदहाला पडदा पडलाच पाहिजे. कर्जत-कसाऱ्याचा माणूस लोकल गाठायला भैरवी सोडून उठतो, त्याचा इलाज नाही.

आणि वेळेचं गणित वन्समोअर धरून करा. गावात रात्री एकपर्यंत चाललं तर वॉचमनला चहा पाजून भागतं. मुंबईत पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा असतो. कोणतं पद गाळायचं हे प्रयोगाच्या आधी ठरवा, विंगेत उभं राहून नको. गाळलेलं पद ज्याच्या वाट्याचं आहे त्याला हे दिग्दर्शकाने स्वतः सांगावं.

आता ऑर्गन, म्हणजे पायपेटी. मुंबईत भाड्याने मिळेल या भरवशावर जाऊ नका. मिळतो, पण पाव सूर वर किंवा खाली असला तर काय करणार? तबला हातोडीने चढवता-उतरवता येतो, ऑर्गन नाही. नट वर्षभर ज्या सुरात घासून गायला, त्याला अर्ध्या तासात दुसऱ्या सुरावर बसवणं म्हणजे पहिल्याच पदाला घाम. स्वतःचाच ऑर्गन न्या. जुन्या गाद्यांत गुंडाळा, उभा बांधा, आडवा नको. मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांनी भात्याला भेग जाते किंवा मधला एखादा सूर बोलेनासा होतो, आणि तो नेमका नांदीत लागणारा असतो. पोचल्याबरोबर सगळे सूर एकेक दाबून पाहा, मग जेवा. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी पाचमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पट्टीत, गात असेल तर तबले दोन. एसी चालू असताना जुळवा, कारण एसी लागला की तबला चढतो. साथीदार कुठे बसणार, त्यांना नट दिसतो का, तेही त्याच वेळी बघा. तानेनंतर सम गाठायची ती नजरेवर.

माईक. आपले लोक खड्या आवाजात गातात, मुंबईचा साउंडवाला त्यांना सिनेमाच्या गाण्यासारखे वाढवतो. त्याला तालमीचं रेकॉर्डिंग आधी पाठवा.

नेपथ्य. रंगवलेले पडदे असतील तर वर टांगायला बार किती, उंची किती, हे फोनवर न विचारता एकाला पाठवून टेपने मोजा. सामान किती पायऱ्या चढवायचं तेही त्यालाच बघू द्या.

नट नोकरदार असतात. शाळामास्तर, बँकेतली मुलगी. एका प्रयोगाला रजा मिळते, पाचव्याला मिळत नाही. बदली नट आत्ताच तयार करा. मुंबईचा कुणी निर्माता जोडला गेला तर तो 'नाव असलेला चेहरा' मागणारच. कोणती भूमिका द्यायची आणि कोणती प्राण गेला तरी नाही, हे बैठकीला जाण्याआधी ठरलेलं असू द्या. आणि नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, किती, हे प्रत्येकाला आधी सांगा, हौशी असला तरी.

जाहिरात छापायला देण्याच्या आदल्या दिवशी तीन कागद टेबलावर ठेवा: लेखकाचं पत्र, सेन्सॉर आणि चालींची परवानगी. तिसरा नसेल तर जाहिरात देऊ नका. 'येईल दोन दिवसांत' असेल तरी देऊ नका.

मुक्काम, जेवण, ऑनलाइन तिकिटं, खुर्च्यांचा प्लॅन कोण सांभाळणार, फुकट पासांची यादी, हे लिहून एकाच्या गळ्यात मारा. गायकांना आदल्या रात्री ताक नको, एसी डब्यातून प्रवास नको. प्रयोग संपला की हिशेब तिथेच करा, बुकिंगवाल्याची सही घ्या. टेम्पोवाल्याला जेवू घाला. परत यायचं आहे आणि ऑर्गन त्याच्याच गाडीत आहे.