तोंडी होकारावर विसंबू नका

पहिल्या सत्राच्या पेपरला बसले, तेव्हा मला कमी दिसतं म्हणून मिळायच्या जादा वेळेबद्दल पर्यवेक्षकांना काहीच माहीत नव्हतं. जुलैत ज्या सरांनी ‘होऊन जाईल गं, काळजी करू नकोस’ म्हटलं होतं, ते रजेवर होते. बारीक छपाईचा पेपर डोळ्यांशी नेऊन वाचत तीन तासांत जेमतेम अर्धा सोडवला. ती कळ अजून जात नाही.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा हे तुम्हाला माहीत असणारच. मलाही होतं. पण कायद्यात आहे म्हणजे सोय आपोआप होईल, असं मी धरून चालले. तसं होत नाही. अर्ज लेखी करा, दोन प्रतींत. एक कार्यालयात द्या, दुसरीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच हातात पडेपर्यंत तिथून हलू नका. आवाज कापेल, कापू दे; पोच कापऱ्या आवाजालाही मिळते. आठ दिवसांनी परत जाऊन विचारा. परीक्षेआधी तीच पोच केंद्रावर दाखवा.

अर्जात ‘सहकार्य करावे’ एवढंच नको. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली आहेत. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तसंच लिहा. प्रमाणपत्र 40 टक्क्यांखालचं असेल तरी हात टेकू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये लेखनिकासाठी, म्हणजे आपण सांगू ती उत्तरं लिहिणाऱ्या मदतनिसासाठी, ही अट लावता येणार नाही, असा निकाल दिला आहे.

वशिल्याच्या वाटेला जाऊ नका. ओळखीचा माणूस गेला की कामही गेलं. ‘तू बस, मी बोलतो’ म्हणणाऱ्यांपासूनही जरा जपून. बारावीपर्यंत माझ्यासाठी आईच बोलायची. तिने मायेनेच केलं, पण कॉलेजात माझी जीभ उचलेना.

मला खरी साथ दिली ती परीक्षा विभागातल्या लिपिक मॅडमनी. त्यांनी हळहळ केली नाही. अर्ज वाचून एवढंच विचारलं, “मोठी अक्षरं म्हणजे किती पॉइंट?” मला सांगता येईना. तोवर कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. घरी एकच उतारा वेगवेगळ्या आकारांत छापून वाचून पाहिला. दुसऱ्या दिवशी अर्जात भरलं: 20 पॉइंट, ठळक.