जुना सिंथ नव्या मिडीला जोडण्याआधी

सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा कीबोर्ड आणि मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती. जुना सिंथ तिच्या नव्या मानकाला जोडायचा, तर पहिलं काम जोडणीचं नाही. वाद्याच्या पोटात जे साठलंय ते आधी बाहेर काढून ठेवायचं. माझ्या यामाहा डीएक्स ७ या सिंथमध्ये सनईचा एक टोन, म्हणजे घडवून साठवलेला आवाज, होता. लग्नाच्या कार्यक्रमांसाठी मी तो चार-पाच वर्षं थोडा थोडा घडवत नेला होता. वाद्य दुरुस्तीला दिलं, तिथे बॅटरी बदलली गेली आणि परत आलं तेव्हा ३२ च्या ३२ टोन गेलेले होते. आतली तीन व्होल्टची बॅटरी निघाली की स्मृती पुसली जाते, हे मला माहीत होतं. पण आधी नक्कल काढून ठेवायचं राहून गेलं. तो टोन मला पुन्हा तसा जमलेला नाही. म्हणून या यादीत सगळ्यात वर हेच लिहितो.

नक्कल काढायला लॅपटॉप, मिडी इंटरफेस (वाद्य आणि लॅपटॉप जोडणारं यंत्र) आणि सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह संदेश (वाद्याची आतली माहिती वाहून नेणारे) साठवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. डीएक्स ७ वर फंक्शन मोडमध्ये आठ नंबरचं बटण दाबत जा. सिस इन्फो ‘अव्हेल’वर ठेवा, पुढे ‘मिडी ट्रान्समिट’ विचारेल तेव्हा ‘येस’ दाबा. सगळी बँक, म्हणजे ३२ टोनचा संच, सव्वा-दीड सेकंदात येते, कारण मिडीच्या पाच पिनी तारेतून सेकंदाला ३१२५ बाइट जातात आणि ही फाइल बरोबर ४१०४ बाइटची असते. हा आकडा पाठ करून ठेवा. फाइल एका बाइटने जरी कमी भरली तरी ती नक्कल नव्हे. दोनदा घ्या, दोन्ही फाइली ताडून पाहा. मग बँक वाद्यात परत पाठवून पाहा; त्यासाठी मेमरी प्रोटेक्ट बंद करावं लागतं. मात्र ही परतीची चाचणी दोन्ही फाइली जुळल्यावरच करायची. बॅटरी बदलायचा विषय त्यानंतर. डीएक्स ७ मध्ये ती बहुधा डागलेली (सोल्डर केलेली) असते आणि जवळच वीजपुरवठ्याचा भाग असतो, त्यामुळे हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

आकडा जुळत नसेल तर संशय आधी इंटरफेसवर घ्या. अगदी स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलवर सूर नीट वाजतात, त्यामुळे ती चांगली आहे असं वाटत राहतं. पण लांब संदेश आला की तिची छोटी साठवण भरते आणि मधले बाइट गळतात. अशा कित्येक केबलींत ऑप्टो-आयसोलेटरही नसतो. तो असला की दोन यंत्रांमध्ये थेट विजेचा संबंध राहत नाही आणि मिडीच्या तारेतून हम, म्हणजे विजेची गुणगुण, येत नाही. (ऑडिओच्या तारेतून मात्र येऊ शकतो, त्यासाठी डीआय बॉक्स ही वेगळी डबी लागते.) इंटरफेस घेताना तो ‘क्लास कंप्लायंट’ आहे का हे विचारा, म्हणजे त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागणार नाही. कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे चांगले इंटरफेस ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की कपाटात जाऊन पडतात. मिडीची तार पंधरा मीटरपेक्षा लांब नको. नव्या छोट्या यंत्रांवर पाच पिनींऐवजी हेडफोनसारखा जॅक असतो. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार प्रचारात आहेत. अ‍ॅडॉप्टर विकत घेण्याआधी आपल्या यंत्राचा प्रकार पाहून घ्या.

विजेचंही आधीच बघा. परदेशातून, विशेषतः जपानमधून आलेलं वाद्य १०० व्होल्टवर चालणारं असू शकतं. मागची पट्टी वाचा. गरज असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ऑक्टोपॅडवाल्यांनी अ‍ॅडॉप्टरचा ध्रुव तपासावा. रोलंडच्या एसपीडी-२० ला मधली पिन ऋण लागते आणि बाजारातले बरेचसे अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात.

आता नव्या मानकाकडे. मिडी २.० आलं २०२० साली आणि तेव्हापासून ‘जुना कीबोर्ड आता विकून टाकावा का’ हा प्रश्न मला कितीतरी वेळा ऐकावा लागला. विकू नका. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ ज्या भाषेत एकमेकांशी बोलले, ती भाषा नव्या मानकाने मोडलेली नाही. नवं वाद्य आधी समोरच्याला विचारतं, तुला काय काय समजतं? जुन्याकडून उत्तर आलं नाही तर ते मिडी १.० मध्येच बोलत राहतं. पाच पिनी तारेवर तर आजही मिडी १.० च चालतं.

भाषांतरात काय गळतं हे मात्र माहीत हवं. जुन्यात पट्टीवरच्या आघाताचा जोर ० ते १२७ मध्ये मोजतात, नव्यात ६५,५३६ पायऱ्या आहेत. खाली उतरताना बारकावा जातो, तरी वाजवणं ओळखू येतं. डीएक्स ७ चा स्वतःचा कीबोर्ड १२७ पर्यंत पोचतच नाही, म्हणून तो नव्या साउंड मॉड्युलला (पट्ट्या नसलेल्या, फक्त आवाज देणाऱ्या यंत्राला) जोडला की आवाज मऊ आणि दबका वाटतो. मॉड्युलचा व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आवाज हे ठरवणारी सेटिंग, चढवून घ्या.

आपल्या संगीताला खरा फटका मींडेत बसतो. मिडी २.० मध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र बेंड देता येतो, म्हणजे तो सूर वर-खाली सरकवता येतो: षड्ज धरून ठेवायचा आणि वर गंधार एकटा हलवायचा. जुन्या वाद्यात बेंड अख्ख्या चॅनेलचा, म्हणजे त्या क्रमांकाच्या वाटेवरून जाणाऱ्या सगळ्या सुरांचा, असतो, त्यामुळे षड्जही सोबत सरकतो, आणि सुरागणिक बेंडचे नवे संदेश जुन्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून जुन्या सिंथसाठी सुरावटीत एका वेळी एकच सूर ठेवा, आधारस्वर दुसऱ्या वाद्यावर द्या, मींड कीबोर्डवरच्या नेहमीच्या बेंड व्हीलवर (सूर सरकवणाऱ्या चाकावर) घ्या. बेंडची मर्यादा दोन्हीकडे हाताने सारखी करा. एकीकडे दोन अर्धस्वर आणि दुसरीकडे बारा राहिले, तर कोमल ऋषभाकडे जाणारी मींड कुठल्या कुठे निघून जाते.

किरकोळ गोष्टी. मूळ डीएक्स ७ फक्त एक नंबरच्या चॅनेलवर पाठवतो, तेव्हा चॅनेल सॉफ्टवेअरमध्ये बदला. तो ‘अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग’चा, म्हणजे जोडणी चालू आहे असं सांगणारा, संदेशही अखंड पाठवत असतो, त्यामुळे मिडीचा दिवा सतत लुकलुकतो, तो बिघाड नव्हे, रेकॉर्डिंगला त्रास होत असेल तर गाळून टाका. फ्लॉपीचे कीबोर्ड असणाऱ्यांनी डिस्क वाचल्या जाताहेत तोवर त्यांच्या इमेज फाइली (अख्ख्या डिस्कच्या नकला) करून ठेवाव्यात, मग ड्राइव्हच्या जागी यूएसबीचा फ्लॉपी एम्युलेटर (पेनड्राइव्हला फ्लॉपीसारखं चालवणारा) बसवता येतो.

सगळं जुळलं की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण जोडणी करून अर्धा तास वाजवा, मधेच लॅपटॉप बंद-चालू करून पाहा. ४१०४ बाइटची ती फाइल पेनड्राइव्हवर, आणि घरच्या एखाद्या माणसाच्या ईमेलवरही. वाद्याच्या बुडाला एक कागद चिकटवा: चॅनेल, बेंडची मर्यादा, बॅटरी बदलल्याची तारीख.