सोलापुरात मदत करायची असेल तर पैसा वाया जाऊ नये म्हणून काय करायचं

माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ६ वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच कारखानदारांनी वर्गणी काढली आणि पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बायकांना १२ शिलाई मशीन दिल्या, हार, फोटो, चहा-भजी सगळं झालं. आठ महिन्यांनी एका ताईंच्या घरी गेलो तर मशीनवर चादर टाकलेली, त्यावर तांदळाचा डबा, आणि त्या खाली बसून मांडीवर सूप घेऊन बिड्याच वळत होत्या. म्हणल्या, "भाऊ, मशीन चांगली आहे, पण शिवायला काम कोण देणार? ब्लाऊज शिवणाऱ्या गल्लीत आधीच तिघीजणी आहेत." त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चूक आमची होती, आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानंतर जे शिकलो ते इथं लिहितोय.

देण्याआधी १० घरं तरी फिरा. रविवारी बॅनर घेऊन नको, साध्या दिवशी दुपारी जा, बिडीची पानं कापणं चालू असतं तेव्हा. आणि "काय पाहिजे" असं विचारू नका, माणसं समोरचा काय देईल ते बघून उत्तर देतात, वह्यावाला आला की वह्या, ब्लँकेटवाला आला की ब्लँकेट. त्याऐवजी विचारा की मागच्या वर्षी उसने पैसे कशासाठी घेतले. आम्ही हे विचारलं तर बहुतेक घरांत एकच उत्तर, दवाखाना. तंबाखूची धूळ दिवसभर नाकात, खोकला, दिवसाला १००० बिड्या वळायच्या म्हणून मान आणि पाठ गेलेली.

मग आरोग्य शिबिर घ्यायचं का? घ्या, पण एका दिवसाच्या शिबिरात फक्त आजार कळतो, पुढं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत, पण कार्डच निघत नाही, कारण इथल्या तेलुगू घरांत आडनाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं. आम्ही वस्तीतल्याच एका तेलुगू बोलणाऱ्या पोरीला महिन्याचा पगार देऊन हेच काम दिलं, नावं दुरुस्त करायची, कार्ड काढायचं, पेशंटबरोबर हॉस्पिटलात जायचं. माझ्या मते आम्ही दिलेल्या पैशातला सगळ्यात कामाचा पैसा हाच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. दान देणारे म्हणतात वस्तू देतो, पगार देणार नाही, पगाराला पैसे म्हणजे संस्थेनं खाल्ले. अहो पण माणूस नसेल तर वस्तू चालवणार कोण? शाळांना दिलेल्या पाण्याच्या मशीन बघा, फिल्टर बदलायला पैसे ठेवलेले नसतात, वर्षात बंद. सीएसआरवाले, म्हणजे ज्यांना नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करायची कायद्यानं सक्ती आहे त्या मोठ्या कंपन्या, ५ टक्क्यांचा नियम दाखवतात, तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, प्रोजेक्टवर काम करणाऱ्या माणसांच्या पगाराला नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

सीएसआरची सक्ती २०१३ च्या कंपनी कायद्यानं आली, निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी असेल तर मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. आपल्याकडचे बहुतेक कारखाने यात बसतच नाहीत, म्हणून आपण काही करायचं नाही असं थोडंच आहे. दानावर आयकरात ८०जी ची सवलत हवी असेल तर चेकनं किंवा ऑनलाइन द्या, २००० च्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही.

आणि कारखानदाराकडं पैशापेक्षा मोठी गोष्ट असते, ती म्हणजे ऑर्डर. शेवटी आम्ही तेच केलं. टॉवेलच्या कडा शिवायचं काम घरी द्यायला सुरुवात केली, टेम्पो गठ्ठा टाकून येतो, दोन दिवसांनी उचलतो, डझनावर रेट, शनिवारी रोख हिशोब. पहिला लॉट अर्धा रिजेक्ट झाला, टाके वाकडे, पार्टीनं माल परत पाठवला. तेव्हा एक भागीदार म्हणाला बंद करू, पण आम्ही आमच्याच शिलाई खात्यातल्या एका मावशींना महिनाभर घरोघर पाठवलं आणि त्या महिन्याचं नुकसान आपसात वाटून घेतलं. १२ पैकी ७ मशीन आज रोज चालतात. रेट ठरवताना मात्र बिडीच्या मजुरीपेक्षा जास्त पडला पाहिजे, नाहीतर तिनं हातातलं काम का सोडावं?

बाहेर दान करण्याआधी स्वतःच्या शेडमध्ये पण बघा. लूमच्या खडखडाटात १२ तास उभा राहणारा माणूस चाळिशीत बहिरा होत चाललाय, घरी त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं. कानात घालायचे प्लग काही रुपयांना मिळतात. १० कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागतो म्हणून कागदावर ९ दाखवायचे आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अन्नदान करायचं, हे मला पटत नाही, स्पष्टच लिहितो.

हिशोब ठेवताना किती वाटलं ते लिहू नका, सहा महिन्यांनी काय चालू आहे ते लिहा. आमच्या वहीत तीनच रकाने आहेत, चालू, बंद, बंद का. कमीत कमी ३ वर्षं एकाच वस्तीत राहा, पहिलं वर्ष तर ओळखीतच जातं.

उरलेल्या ५ मशीनपैकी दोघींच्या डोळ्यांचा प्रॉब्लेम निघाला, सुईत दोराच ओवता येत नव्हता, चष्मे करून दिलेत, पुढच्या सोमवारी त्यांच्याकडं पहिला गठ्ठा जाणार आहे. बाकी तिघींनी मशीन नको म्हणून सांगितलं, त्या आम्ही परत घेतल्या आणि ज्यांनी स्वतःहून मागितल्या त्यांना दिल्या.